गोधडी आणि वाळवण : उन्हाळ्यातल्या कामाचा भाव कसा काढायचा?



व्हिडिओत हिशेब जरा भराभर होतो, म्हणून तोच धडा इथे सावकाश लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा. आजचं उदाहरण वर्धा जिल्ह्यातल्या रोहण्याचं घेऊया. तुमचं गाव दुसरं असेल, तर आकडे बदला. पद्धत तीच राहील.

रोहण्यासारख्या गावात चैत्र-वैशाखात काय चित्र असतं? शेतातलं काम कमी झालेलं. ऊन असं की दुपारी बाहेर पाय ठेववत नाही. अशा वेळी घरात दोन कामं निघतात. सकाळी घरामागच्या वाडीतली गवार, कोहळं, टमाटे तोडून, चिरून वाळत घालायचे. दुपारी सावलीत जुनी लुगडी अंथरून गोधडीला धावदोरा घालायचा. संध्याकाळी वाळवण गोळा करायचं. म्हणजे ऊन एक काम करतं आणि तेवढ्यात आपले हात दुसरं काम करतात. जोडधंदा म्हणून ही जोडी एकदम चांगली आहे.

मग पैसा का दिसत नाही? कारण भाव विचारला की आपण म्हणतो, "कापड घरचंच होतं, भाजी वाडीतलीच आहे, रिकाम्या वेळात केलं. द्या काय द्यायचे ते!"

इथेच धंदा बुडतो. घरचं म्हणजे फुकटचं नाही. आजचा धडा एवढाच आहे.

पायरी १ : आपल्या तासाचा भाव ठरवा

सोपा नियम सांगतो. तुमच्या गावात निंदणाला गेलात तर जी मजुरी मिळते, ती तुमच्या तासाची कमीत कमी किंमत. समजा सहा तासांचे ३०० रुपये मिळतात. मग एक तास ५० रुपयांचा झाला. गोधडीचा बारीक टाका हे तर कौशल्याचं काम, त्याला याच्याखाली जायचंच नाही.

ही गोष्ट वर्ध्याला नवी नाही बरं का. १९३५ साली गांधीजी वर्ध्याच्या मगनवाडीत राहत होते. सूत कातणाऱ्या बायांना पोटापुरती मजुरी मिळालीच पाहिजे, असा आग्रह त्यांनी तेव्हा धरला. त्यांचं म्हणणं होतं, आठ तासांच्या कामाला आठ आणे. मजुरी वाढली तर खादी महागणार आणि खप कमी होणार, ही भीती कार्यकर्त्यांना होतीच. चरखा संघाने आठ आण्यांपर्यंत मजल मारली नाही, पण मजुरी वाढवली. विचार करा, भाव वाढवला की गिऱ्हाईक जाईल, ही आपली भीती किती जुनी आहे!

पायरी २ : गोधडीचा हिशेब

समजा एका गोधडीला कापड जुळवण्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत ४० तास लागले.

- मजुरी : ४० × ५० = २००० रुपये
- दोरा, काठाचं नवं कापड : ३५० रुपये
- धुणं, पिशवी, जाणं-येणं : १०० रुपये
- एकूण खर्च : २४५० रुपये
- धंद्याचा हिस्सा १५ टक्के : साधारण ३६७ रुपये
- विक्रीचा भाव : सुमारे २८०० रुपये

आता हीच गोधडी तुम्ही १२०० ला दिली तर? सामानाचे आणि वरखर्चाचे ४५० वजा करा, राहिले ७५०. भागिले ४० तास. तासाला १९ रुपयेसुद्धा पडले नाहीत. याच्यापेक्षा निंदण परवडलं असतं!

तुम्ही म्हणाल, "सर, २८०० ला आमच्या गावात कोण घेणार?" बरोबर आहे. म्हणून गिऱ्हाईक बदला. शहरात राहणाऱ्या कितीतरी घरांमध्ये आईची, आजीची लुगडी पेटीत पडून आहेत. ती टाकवत नाहीत आणि वापरातही येत नाहीत. त्यांना सांगा, "लुगडी तुमची, शिवण माझी." इथे तुम्ही कापड विकत नाही, आठवण शिवून देता. अर्धे पैसे आगाऊ घ्या. याचा दुसरा फायदाही बघा. उन्हाळ्यात शिवलेली गोधडी बहुतेक पावसाळ्यात किंवा थंडीत विकली जाते, तोवर पैसा अडकून राहतो. ऑर्डरच्या कामात तो अडकत नाही.

एक पथ्य पाळा : जुनं कापड असेल तर "जुनं, स्वच्छ धुऊन कडक उन्हात वाळवलेलं" असं स्पष्ट सांगा. लपवलं आणि नंतर कळलं, तर ते गिऱ्हाईक परत येत नाही.

पायरी ३ : वाळवणाचा हिशेब

इथे सगळ्यात मोठी चूक वजनात होते. ताज्या गवारीत साधारण ८० टक्के पाणी असतं. टमाट्यात तर ९४ टक्के! म्हणजे एक किलो टमाटे वाळवले की हातात ६०-६५ ग्रॅम येतात. हे माहीत नसेल तर भाव चुकणारच.

समजा ५ किलो गवार तोडली. देठ-शिरा काढून साडेचार किलो राहिली. वाळल्यावर साधारण ९०० ग्रॅम, म्हणजे १०० ग्रॅमची ९ पाकिटं.

- गवार (वाडीतली असली तरी बाजारभावाने, समजा ४० रुपये किलो) : २०० रुपये
- प्रत्यक्ष हाताचे ४ तास : २०० रुपये
- मीठ, जळण, पाकीट, लेबल : ८० रुपये
- एकूण ४८० रुपये, म्हणजे पाकिटाला ५३ रुपये

ऊन फुकट आहे, त्याचे तास धरू नका. पण तोडणं, निवडणं, उकळणं, परतणं, भरणं हे सगळे तास धरा. १५ टक्के हिस्सा मिळवून भाव येतो ६१ रुपये.

दुकानदार २० टक्के घेणार असेल तर? ६१ मध्ये २० टक्के मिळवू नका. ६१ ला ०.८ ने भागा. उत्तर येतं ७६-७७ रुपये. २० टक्के मिळवून ७३ ला दिलंत, तर दुकानदाराचे कापून हातात ५८-५९ च येतील. पाकिटामागे दोन-अडीच रुपये गेले, आणि कुठे गेले ते कळतही नाही!

पायरी ४ : माल टिकला पाहिजे

गवार मिठाच्या उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं घालून काढा, निथळा आणि पातळ कापडाखाली वाळवा, धूळ-माशी बसत नाही. मेथीसारख्या पालेभाज्या सावलीत वाळवा, रंग राहतो. शेंग वाकवली की कडकन तुटली पाहिजे. लवली तर अजून एक ऊन द्या. पूर्ण थंड झाल्यावरच भरा, नाहीतर पाकिटात वाफ धरते आणि बुरशी येते.

विकायच्या आधी अन्नसुरक्षा नोंदणी करून घ्या. लेबलवर नाव, घटक, वजन, तयार केल्याची तारीख, बॅच क्रमांक, नोंदणी क्रमांक आणि शाकाहाराची हिरवी खूण हवी.

आणि पाकिटात एक चिठ्ठी टाका : "कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा. तेलात मोहरी, लसूण, तिखट घालून परता, वरून दाण्याचा कूट आणि सांबार." शहरातल्या नव्या सुनेला वाळली गवार करायची कशी हेच माहीत नसेल, तर ती दुसऱ्यांदा घेणार नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

भिंतीवर एक कॅलेंडर लावा. गोधडीला बसलात की वेळ लिहा, उठलात की वेळ लिहा. वाळवणाचंही तसंच. सात दिवस फक्त एवढंच करा, भाव वाढवू नका. आठव्या दिवशी बेरीज करा आणि मागच्या वर्षी विकलेल्या भावाला त्या तासांनी भागा. येईल तो आकडा घरात सगळ्यांना वाचून दाखवा.

त्यानंतर "रिकाम्या वेळात केलं" हे वाक्य तुमच्या तोंडून निघणार नाही.

भेटूया पुढच्या धड्यात. तोवर लिहीत राहा, मोजत राहा!