कुकरची निगा

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात कुंभार पिंपळगाव नावाचे गाव आहे. त्या नावातच कुंभाराचे स्मरण आहे. मातीचे मडके घेताना ते बोटाने वाजवून पाहण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. मडके खणखणीत वाजले तर पक्के. बद्द वाजले तर त्याला कोठेतरी चीर गेली आहे, असे ओळखावे. आज अशा गावांतील घरांतही मडक्याच्या जागी स्टेनलेस पोलादाचा प्रेशर कुकर आलेला आहे. तो काही वाजवून पारखता येत नाही. त्याची पारख रोजच्या स्वच्छतेतूनच होते.

कुकर हे नुसते भांडे नव्हे, ते एक यंत्र आहे. उघड्या भांड्यातील पाणी साधारणपणे १०० अंश सेल्सिअसला उकळते. मग कितीही जाळ घातला तरी ते त्याहून अधिक तापत नाही. झाकण घट्ट बसवून वाफ कोंडली म्हणजे आतील दाब वाढतो आणि पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते. त्यामुळे तुरीची डाळ लवकर शिजते व इंधन वाचते. हे तत्त्व वापरून डेनिस पापिन या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ साली हाडेसुद्धा मऊ करणारे एक भांडे तयार केले. कोंडलेली वाफ भांडे फोडू शकते, हे जाणून त्याने त्यास सुरक्षा झडपेचीही जोड दिली.

हा दाब केवढा असतो? घरगुती कुकरमध्ये तो बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅमने अधिक असतो. झाकणाचा व्यास २० सेंटिमीटर धरला, तर त्याचे क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर होते. म्हणजे झाकण वर उचलू पाहणारा जोर ३०० किलोग्रॅमहून अधिक, जणू धान्याच्या क्विंटलभर वजनाच्या तीन पोत्यांएवढा असतो. एवढ्या वाफेला बाहेर पडण्यासाठी शिट्टीखालची एक अरुंद नळी तेवढी असते. तीत डाळीचे टरफल अडकले, तर काय अनर्थ ओढवेल, हे सांगावयास नको.

म्हणून कुकर धुताना शिट्टी व रबर काढून वेगळे धुवावे. नळी उजेडासमोर धरून पाहावी. तिच्यातून उजेड स्वच्छ दिसला पाहिजे. न दिसल्यास बारीक काडीने नळी मोकळी करून पाणी सोडावे. रबराला भेगा पडल्या असतील किंवा ते ताठरले असेल, तर ते बदलावे. सुरक्षा झडप वितळून निकामी झाली, तर त्या जातीच्या कुकरची नवी झडपच बसवावी. तेथे तार किंवा दुसरे काही ठोकून काम भागवणे म्हणजे संकटास आमंत्रण देणे होय. कुकर दोन तृतीयांशाहून अधिक भरू नये. डाळ असेल तर निम्म्यावरच थांबावे. वाफ पूर्ण निवल्यावाचून झाकण उघडण्याची घाई कोणीही करू नये.

आता पोलादाकडे वळू. जालना शहरातील कारखान्यांत बांधकामाच्या सळ्या तयार होतात. पावसात पडलेल्या सळीवर तांबूस गंज चढतो. कुकरवर तो सहसा चढत नाही. कारण त्याच्या पोलादात क्रोमियम मिसळलेले असते. हवेतील प्राणवायूशी त्याचा संयोग होऊन पृष्ठभागावर डोळ्यांस न दिसणारा पातळ थर तयार होतो व तोच आतील धातूचे रक्षण करतो. १९१३ साली इंग्लंडमधील शेफील्ड येथे हॅरी ब्रेअर्ली याने असे पोलाद तयार केले. परंतु मीठ हे या थराचे वैरी आहे. मिठाचे खडे तळाशी पडून राहिले, तर तेथे बारीक खड्डे पडतात. म्हणून पाणी तापल्यावर मीठ घालून ढवळावे आणि शिजलेले अन्न रात्रभर कुकरमध्ये ठेवू नये. लोखंडी तारेची घासणीही वापरू नये. तिचे कण पोलादास चिकटतात व तेच पुढे गंजतात.

अन्न करपून बुडाशी लागले, तर खरवडण्याची घाई करू नये. त्यात पाणी व थोडा खाण्याचा सोडा घालून झाकण न लावता उकळावे, निवल्यावर लाकडी उलथन्याने थर सोडवावा. विहिरीच्या व बोअरच्या जड पाण्यामुळे आत पांढरे डाग पडतात. ते क्षारांचे असतात. लिंबाच्या वा चिंचेच्या आंबटपणात ते विरघळतात. शेवटी स्वच्छ पाण्याने धुऊन कोरड्या फडक्याने पुसावे आणि झाकण न लावता उलटे ठेवावे. त्यामुळे रबर दबत नाही व आत वास कोंडत नाही.

नवा कुकर घेताना त्यावर आयएसआय चिन्ह आहे की नाही, हे अवश्य पाहावे. १ फेब्रुवारी २०२१ पासून घरगुती कुकरवर ते सक्तीचे झाले आहे. तथापि ते चिन्ह विकत घेतानाच्या कुकरची ग्वाही देते. पुढच्या रोजच्या निगेची ग्वाही घरातल्या माणसांनीच द्यावयाची असते. हे काम एकट्या आईचे नव्हे. जो त्यातले वरण जेवतो, त्याने ती नळी एकदा तरी उजेडासमोर धरून पाहावी.

अभ्यास

१. कुकरला भांडे न म्हणता यंत्र का म्हटले आहे?
२. सळी गंजते, पण कुकर सहसा गंजत नाही. कारण सांगा.
३. तुमच्या घरच्या कुकरच्या झाकणाचा व्यास मोजा व त्यावरील जोर काढा.
४. ‘संकटास आमंत्रण देणे’ या वाक्प्रचाराचा स्वतःच्या वाक्यात उपयोग करा.