हवेचे प्रदूषण आणि शेतीचा वाटा
ब्रिटनमध्ये १९७० ते २०२२ या काळात सल्फर डायऑक्साइड वायूचे उत्सर्जन ९८ टक्क्यांनी घटले. वीजकेंद्रांत व घरोघरी दगडी कोळशाचा वापर कमी होत गेला, हे त्याचे प्रमुख कारण होय. अमोनिया वायूची घट मात्र त्या मानाने फारच थोडी आहे. २०२२ मध्ये तेथील सुमारे ८७ टक्के अमोनिया शेतीतून, मुख्यत्वे शेणमूत्र व नत्रखते यांपासून, हवेत गेला.

अमोनियात नत्र असते. तो उडाला म्हणजे हवा बिघडते आणि खतावरील पैसाही वाया जातो. हाच नियम आपल्या शेतासही लागू आहे. म्हणून युरिया उघडा न फेकता मातीआड करावा. शेणखताचा खड्डा भरताच शेणमातीने लिंपावा. ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी हे शेतकरी बंधूंस प्रत्यक्ष करून दाखवावे.