नवी बॅटरी घेण्याआधी

एका गावात एक जीपवाले दादा राहत. गावाहून तालुक्याला माणसे न्यावी-आणावी, त्यावर त्यांचे घर चाले. जीप जुनी. पण दादांनी ती हौसेने सजवली. पुढे चार जादा दिवे लावले. आत गाण्याचे यंत्र आणि मोठे कर्णे बसवले.

पुढे काय झाले? सकाळी जीप सुरू होईना. चार जणांनी ढकलावी, तेव्हा ती चालावी. दादांनी उसने पैसे काढून नवी बॅटरी घेतली. दोन महिन्यांत पुन्हा तेच! ते मिस्त्रीचाचांकडे गेले.

"चाचा, ही बॅटरीही वाईट निघाली. तिसरी घेऊ का?"

"घाई नको, दादा. आधी मोजू, मग बोलू."

बॅटरी म्हणजे पाण्याचा रांजण. आल्टरनेटर म्हणजे रांजण भरणारा नळ. इंजिन चालू झाले की पट्ट्यावर आल्टरनेटर फिरतो आणि वीज तयार करतो. त्या विजेवर दिवे लागतात. उरलेली वीज बॅटरीत साठते. उपसा मोठा आणि नळ बारीक असेल, तर नवा रांजणही रिकामाच राहणार.

चाचांनी बॅटरीला मीटर लावला.

इंजिन बंद : १२.१ व्होल्ट. भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. म्हणजे ही अर्धी रिकामी होती.

इंजिन चालू, दिवे बंद : १४.१ व्होल्ट. म्हणजे आल्टरनेटर काम करत होता.

इंजिन चालू, दिवे आणि गाणे चालू : १२.४ व्होल्ट. दुखणे इथे होते.

चाचांनी पट्टा दाबून पाहिला. तो सैल नव्हता. बॅटरीच्या टोकांवरची पांढरी भुकटी साफ केली, तारा घट्ट केल्या. पुन्हा मोजले. फरक पडला नाही. मग त्यांनी खडूने फळीवर हिशेब मांडला.

५५ वॅटचे ४ दिवे : २२० वॅट. भागिले १२ : सुमारे १८ अँपिअर.
गाण्याचे यंत्र : १५ अँपिअर.
जीपचे मूळचे दिवे वगैरे : २० अँपिअर.
एकूण : ५३ अँपिअर.

आल्टरनेटरच्या पाटीवर ४५ लिहिले होते. तेही इंजिन जोरात फिरले तर. गाडी उभी असताना त्याहून कमी.

"दादा, मिळकत ४५ अन् खर्च ५३. असं घर किती दिवस चालेल?"

दादा गप्प झाले. मग म्हणाले, "मोठा आल्टरनेटर घालू?"

"घालता येईल. पण त्याला जाड तार लागेल, योग्य फ्यूज लागेल. बारीक तार तापली तर गाडी पेटेल."

दादांनी दोन दिवे आणि गाण्याचे यंत्र काढले. खर्च २९ वर आला. चाचांनी तीच बॅटरी रात्रभर चार्ज केली. सकाळी इंजिन चालू करून उरलेले सगळे दिवे लावले. मीटरने १३.८ दाखवले. तिसऱ्या बॅटरीचे पैसे वाचले.

लक्षात ठेवा
१. इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढू नका. आल्टरनेटर जळू शकतो.
२. बॅटरीजवळ विडी ओढू नका. तिच्यातून निघणारा वायू पेट घेतो.

प्रश्न
१. पहिली बॅटरी बदलूनही जीप का बंद पडली?
२. तुमच्या ओळखीच्या गाडीला जादा दिवे आहेत का? त्यांचे अँपिअर काढा.