पाचवी जागा समुद्रासाठी ठेवा

सप्टेंबर उजाडला की लंडनमधल्या पिनर, हॅरो, रेनर्स लेन इथल्या मराठी घरांतून एकच प्रश्न येऊ लागतो: मेडिसिनचे चार पर्याय ठरले, आता पाचव्या जागी काय टाकायचं? विद्यापीठ प्रवेशासाठी भरायच्या यूकासच्या अर्जात पाच जागा असतात आणि मेडिसिनसाठी त्यांतल्या चारच वापरता येतात. उरलेल्या जागी बहुतेक पालक डोळे झाकून बायोमेडिकल सायन्स टाकतात. का, असं विचारलं तर म्हणतात, 'मेडिसिनच्या जवळचं आहे ना.' जवळचं आहे एवढ्यासाठी तीन वर्षं घालवायची आणि डोक्यावर फीचं कर्ज घ्यायचं? ज्याला तो विषय मनापासून आवडतो त्याने तो जरूर घ्यावा. इतरांनी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मेडिसिन, डेंटिस्ट्री, फार्मसी, कम्प्युटर सायन्स यांबद्दल मी इथे लिहीत नाही. ती माहिती शाळेत मिळते, गणपतीच्या मंडपातही मिळते. मला लिहायचं आहे ते ओशनोग्राफीबद्दल, म्हणजे समुद्रविज्ञानाबद्दल. हे नाव काढलं की आईबाबांचे चेहरे उतरतात. 'मासे मोजून पोट भरतं का?' असं कुणीतरी विचारतंच. म्हणून हे काम नेमकं काय असतं, ते एका माशाच्या उदाहरणाने सांगते.

1930 च्या दशकात यॉर्कशरच्या स्कारबरोला श्रीमंत मंडळी ब्लूफिन टुना गळाने धरायला जात. 1933 मध्ये त्यांच्यातल्याच मिचेल-हेन्री यांनी 851 पौंडांचा, म्हणजे सुमारे 386 किलोंचा टुना पकडला. पुढच्या काही दशकांत उत्तर समुद्रातून हा मासा नाहीसाच झाला. मग 2014 च्या सुमारास तो कॉर्नवॉलजवळ पुन्हा दिसू लागला. का आला? अटलांटिकचं पाणी काही दशकं तापतं, काही दशकं निवतं, त्या चक्राकडे काही शास्त्रज्ञ बोट दाखवतात. काही जण त्याच्या खाद्याच्या माशांकडे आणि मासेमारीवर घातलेल्या मर्यादांकडे पाहतात. वाद अजून मिटलेला नाही. एक्सेटर विद्यापीठ आणि सेफास ही सरकारी संस्था यांनी मिळून या टुनांना टॅग लावले. टॅग माशासोबत हिंडतो. खोली, तापमान आणि उजेड नोंदवत राहतो. उजेडावरून सूर्योदय-सूर्यास्ताची वेळ कळते आणि तिच्यावरून मासा कुठे होता याचा अंदाज बांधता येतो. ठरलेल्या मुदतीनंतर टॅग आपोआप सुटतो, वर येऊन तरंगतो आणि उपग्रहाकडे माहिती धाडतो. पुढचे कित्येक महिने कुणीतरी ते आकडे उलगडत बसतं. त्यासाठी गणित पक्कं लागतं आणि कोडिंगही यावं लागतं.

आता आपल्याकडचा कुपा घ्या, म्हणजे यलोफिन टुना. अरबी समुद्रात साधारण शंभर-दीडशे मीटरखाली प्राणवायू अगदी कमी असलेला पाण्याचा जाड थर आहे. कुपा सतत पोहणारा मासा, त्याला प्राणवायू भरपूर लागतो. तो थर वर सरकला की कुप्याला राहायला वरची पातळ पट्टीच उरते. तिथे तो जाळ्यात सहज सापडतो आणि मासा वाढला असं वाटू लागतं. वाढलेलं काहीच नसतं, त्याची जागा आक्रसलेली असते. याच्या उलटही घडतं. 1997-98 मध्ये हिंदी महासागराचा पश्चिम भाग तापला, वरच्या उबदार पाण्याचा थर जाड झाला, टुना जाळ्यांच्या आवाक्याबाहेर गेला आणि मोठी जहाजं त्याच्यामागे पूर्वेकडे गेली. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या अभ्यासानुसार 1901 ते 2012 या काळात याच पश्चिम भागाचं उन्हाळ्यातलं तापमान सुमारे 1.2 अंशांनी वाढलं. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहांवरून पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य पाहून मासे कुठे मिळतील याचा सल्ला मच्छीमारांना त्यांच्या भाषेत देते. रत्नागिरी-मालवणच्या होडीचं डिझेल त्या सल्ल्यावर वाचतं किंवा वाया जातं. मासे मोजणं म्हणजे हे.

पैशांचंही सरळ सांगते. डॉक्टरइतका पगार मिळणार नाही. बहुतेकांना मास्टर्स करावं लागतं, पहिल्या नोकऱ्या अनेकदा मुदतीच्या असतात आणि माशांवर थेट काम करणाऱ्या जागा थोड्याच आहेत. पण संख्याशास्त्र आणि उपग्रहांचे आकडे हाताळता येणारी मुलं हवामान खातं, समुद्रातल्या पवनचक्क्या, विमा कंपन्या अशा ठिकाणीही जातात. साउथॅम्प्टन, लिव्हरपूल, प्लिमथ, बँगर, ईस्ट अँग्लिया ही विद्यापीठं पाहा. ए लेव्हलला गणित आणि त्याच्या जोडीला एक-दोन विज्ञान विषय असले तर बरेच दरवाजे उघडे राहतात. मेडिसिनसाठी केमिस्ट्री-बायॉलॉजी घेतलेल्या मुलांनाही यातले अनेक अभ्यासक्रम खुले असतात. आणि 15 ऑक्टोबरची मुदत मेडिसिनच्या चार जागांना आहे. पाचवी जागा रिकामी ठेवून जानेवारीतल्या मुदतीपर्यंत भरता येते. ही गोष्ट फार थोड्या घरांत माहीत असते, म्हणून घाईघाईने काहीतरी लिहिलं जातं.

माझी खरी काळजी मात्र वेगळी आहे. यूकॅट या मेडिसिनच्या प्रवेशपरीक्षेच्या क्लासने दमलेला सतरा वर्षांचा मुलगा सल्ल्यासाठी माझ्यासमोर बसतो. मी त्याला विचारते, तुला काय वाचायला आवडतं? उत्तर आई देते. मी पुन्हा त्याच्याकडे पाहून विचारते, तेव्हा बाबा बोलतात. मुलगा जमिनीकडे बघत राहतो. काकू, काका, तुम्ही या देशात येऊन किती कष्ट केलेत ते मला ठाऊक आहे. त्या कष्टांची परतफेड मुलाच्या अर्जातून वसूल करू नका. मन नसताना डॉक्टर झालेल्या मुलाला ते ओझं पुढे कित्येक वर्षं वाहावं लागतं, आणि तेव्हा तुम्ही त्याच्या जागी उभे राहू शकणार नाही.

या मोसमात एवढं करा. विद्यापीठाच्या ओपन डेला मुलाबरोबर जा, पण प्राध्यापकांशी त्यालाच बोलू द्या. पाचवी जागा कशाने भरायची ते त्याला ठरवू द्या आणि त्याने लिहिलेलं नाव खोडू नका.