ऑइलविना चाललेले इंजिन : आधी तपासणी, मग खर्च

प्रश्न : आमच्या बसून चालवायच्या गवतकापणी यंत्राचे एक सिलिंडरचे इंजिन ऑइल नसताना चालून बंद पडले. आता ऑइल भरून चालू करावे का?

उत्तर : नुसते ऑइल भरून चालू करू नका. अशा बऱ्याच छोट्या इंजिनांत ॲल्युमिनियमचा कनेक्टिंग रॉड वेगळ्या बेअरिंगशिवाय थेट क्रँकपिनवर फिरतो. ऑइलचा थर गेला की ॲल्युमिनियम पिनला चिकटते. म्हणून स्पार्क प्लग काढून इंजिन हाताने फिरवा आणि तळाशी उरलेले ऑइल काढून पाहा. इंजिन अडत असेल किंवा ऑइलमध्ये चंदेरी कण दिसले, तर ते उघडावेच लागेल. ‘हाताने फिरते, म्हणजे ठीकच आहे’ हा समज मात्र फसवा आहे. झिजून सैल झालेला रॉड भार येताच तुटून ब्लॉक फोडू शकतो. पिनवर फक्त ॲल्युमिनियमचा लेप असेल, तर तो काढून नवा रॉड बसवता येतो. सिलिंडरही खरवडला असेल, तर बहुधा दुसरे इंजिन घेणेच परवडते.