निळा रंग येईपर्यंत

कळंब, जि. धाराशिव

चि. छकुली,

तुझा फोन आल्यापासून तुझी आई माझ्याशी धड बोलत नाही. एमएस्सी झाली, आता बीएड करून कुठं चिकटायचं सोडून पोरगी पुण्याला पीएचडी करायची म्हणते, आणि हे मामानंच डोक्यात भरवलं, असं तिचं म्हणणं. भरवलं असेलही. तिला सांग, जेआरएफ ही फेलोशिप मिळाली तर महिन्याला ३७,००० रुपये मिळतात. निम्मा राग तिथंच उतरेल.

उरलेल्या निम्म्यासाठी तिला शेतात ने. शेततळ्यातला कागद, ठिबकच्या नळ्या, सगळं पॉलिथिलीन. इथिलीन हा वायू. त्याचे रेणू एकापुढे एक ओवून माळ करणारा धातू म्हणजे आपला उत्प्रेरक. लोक त्याला विरजणाची उपमा देतात, मला ती पटत नाही. विरजण स्वतःच वाढत जातं. हा सोयरीक जमवणाऱ्या मध्यस्थासारखा: दोन घरं जुळवायची, आपण मोकळं व्हायचं आणि पुढच्या घरी जायचं.

ही माळ साध्या दाबाखाली ओवता येते, हे कळलं एका फसलेल्या प्रयोगातून. जर्मनीत म्युलहाइमला कार्ल झीग्लर यांच्याकडे अॅल्युमिनियमच्या संयुगांनी इथिलीनची साखळी वाढवत होते. एकदा ती दोन रेणूंवरच अडली, नुसतं ब्युटीन मिळालं. त्यांनी कारण खणून काढलं: भांड्यात निकेलचा अंश राहिला होता. एवढासा निकेल साखळी तोडतो, तर दुसरे धातू काय करतील? म्हणून ते एकेक धातू घालून बघत गेले आणि १९५३ साली टायटॅनियमशी पोचले. १९६३ चं नोबेल झीग्लर आणि इटलीचे नाट्टा यांना मिळालं.

आता माझं ऐक. मी लॅबमध्ये होतो तेव्हा माझी एक रिअॅक्शन चार वेळा फसली. वहीत चारही वेळा लिहिलं, ‘रिअॅक्शन झाली नाही.’ फॉस्फरसच्या एनएमआरमध्ये एक जादा पीक दिसत होता, तो मी कचरा म्हणून सोडला. तो फॉस्फिनचा, म्हणजे धातूला धरणाऱ्या माझ्या लिगंडचा, ऑक्साइड होता. आरगॉनची रबरी नळी टोकाला चिरली होती आणि हवा आत जात होती. उत्तर समोर होतं, मी लिगंडला शिव्या देत बसलो. तीन महिने गेले. तू जादा पीक दिसला की आधी तो वहीत उतरव, मग वैताग.

पुण्याच्या एनसीएल या रासायनिक प्रयोगशाळेतल्या समीर चिक्कली यांचे पेपर वाच, पण जुन्यापासून क्रमानं. श्टुटगार्टला गुडाट यांच्याकडे फॉस्फिनवर पीएचडी, मग अॅमस्टरडॅमला रीक, कॉन्स्टान्झला मेकिंग, आणि नंतर पुणे. पुण्यात पॅलेडियमवर फॉस्फिन बसवून इथिलीनच्या माळेत ध्रुवीय रेणू ओवायचं काम. पॉलिथिलीनला ना शाई धरते ना गोंद, म्हणून ही खटपट; पण ध्रुवीय रेणू धातूलाच धरून बसतो आणि गाडी अडते. हातातलं एक कसब माणूस किती लांब नेऊ शकतो, ते त्यात दिसेल.

गाईड निवडताना नावाला भुलू नको. तिथल्या पोरांबरोबर चहा घे आणि आधीच्यांना किती वर्षं लागली ते विचार. कुणी उत्तर द्यायच्या आधी दाराकडे बघितलं, तर समजून जा.

आणि एक. आपण घागरी घेऊन टँकरमागे पळालेली माणसं. लॅबमध्ये पाण्याचा थेंबही वैरी. टीएचएफ हे सॉल्व्हंट सोडियम-बेंझोफिनोनवर उकळत ठेवतात, कोरडं झालं की गडद निळं-जांभळं होतं. रात्री उशीर होतो, बसची वेळ होते, हिरवट असतानाच घ्यावंसं वाटतं. घेऊ नको.

फॉर्म भरायच्या आधी एकदा इकडे ये. माझ्या वह्या माळ्यावर आहेत. ती चार पानंही दाखवतो. येताना आईला घेऊन ये, तिची समजूत मी काढतो.

तुझा
मामा