कुत्रा अंगावर आला तर : फवाऱ्यावर किती भिस्त ठेवावी?



पहाटे फिरायला जाणारी आमच्या वयाची बरीच मंडळी खिशात मिरचीच्या अर्काच्या फवाऱ्याची डबी बाळगतात. शेजारच्या एका बाईंकडेही ती होती. तरी मोकाट सुटलेल्या कुत्र्याने त्यांची पोटरी धरलीच. डबी हातात येण्याच्या आत सारे आटोपले होते! म्हणून हा धडा.

आधी थोडे गणित करू. ताशी ३० किलोमीटर वेगाने धावणारा कुत्रा एका सेकंदात ८ मीटरांहून अधिक अंतर कापतो. लहान डबीचा फवारा सुमारे ३ मीटर जातो. म्हणजे नेम धरायला अर्धा सेकंदही मिळत नाही. त्यातून वारा समोरून असला तर अर्क आपल्याच डोळ्यांत! डबी जुनी झाली की आतला दाबही उतरतो. म्हणून तिच्यावरची तारीख पाहावी.

मिरचीतील कॅप्सेसिनमुळे डोळ्यांची व नाकाची आग होते, डोळे मिटतात. केसाळ पाठीवर फवारून उपयोग नाही. भटका कुत्रा पुष्कळदा माघार घेतो. पण राखणीसाठी वा पोलिसांसाठी शिकवलेल्या कुत्र्याची गोष्ट निराळी. हुकूम मिळेपर्यंत धरलेले सोडायचे नाही, हेच त्याच्या अंगी बाणवलेले असते. आग झाली तरी पकड सुटेलच असे नाही.

मग करावे काय? अमेरिकेतील टपालवाले फवारा बाळगतात. पण खांद्यावरची थैली ढालीसारखी पुढे धरा, असेही त्यांना शिकवतात. तेच आपणही करावे. पळू नये, किंचाळू नये, कुत्र्याच्या नजरेला नजर देऊ नये. पिशवी वा छत्री मध्ये धरून हळूहळू मागे सरावे. खाली पडलोच तर अंगाचे मुटकुळे करून मान व कान हातांनी झाकावेत.

विलायतेला मुलांकडे जाणाऱ्यांनी डबी घरीच ठेवावी. तेथे १९६८ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे ती बाळगणे गुन्हा आहे.

कुत्रा चावलाच तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि ताबडतोब डॉक्टर गाठावा. येथे इस्राएलात आरोग्य खात्याच्या कचेरीतही कळवावे. चावणाऱ्या कुत्र्याला १० दिवस नजरेखाली ठेवतात. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस सहसा वाचत नाही. वेळेवर घेतलेली लस मात्र वाचवते.

आमच्या शेजारीणबाईंनी हे सारे केले. आज त्या पुन्हा आमच्याबरोबर फिरायला येतात. डबी खिशात असते, पण हातात छत्री असते.